‘गोड्या पाण्यातले’ म्हणून विकायला आलेले १५ अश्वशक्तीचे जुने आउटबोर्ड: एक परीक्षण

या परीक्षणाचा विषय असलेले मशीन यामाहाचे १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे इंजिन आहे. ते दोरी ओढून सुरू होते आणि दांड्याने वळवले जाते. ते ज्या बोटीवर बसवायचे होते ती १४ फुटी फायबरची उघडी बोट असून तिच्यावर आजवर ८ अश्वशक्तीचे मशीन होते, आणि तिचा वापर मुख्यतः उजनीच्या जलाशयात व क्वचित कोकणात होतो. पिरंगुटजवळच्या एका शेडमध्ये ठेवलेल्या या मशीनची सांगितलेली किंमत ८५ हजार रुपये होती, आणि विक्रेत्याचा सगळा भर एकाच वाक्यावर होता: “साहेब, हे गोड्या पाण्यातलंच मशीन आहे, खारं पाणी त्याने बघितलेलंच नाही.” जुन्या आउटबोर्डच्या बाजारात या वाक्याला वेगळी किंमत मोजावी लागते, म्हणून तपासणीची दिशाही त्यानेच ठरवली.

आधी या मॉडेलविषयी. २४६ सीसी क्षमतेचे हे इंजिन रचनेने अतिशय साधे आहे: एक कार्बोरेटर, सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारे इलेक्ट्रॉनिक) इग्निशन, बाहेरची वेगळी पेट्रोलची टाकी, आणि आखूड शाफ्टच्या मशीनचे सुमारे ३६ किलो वजन. याच शक्तीची फोर-स्ट्रोक मशीन्स साधारण ४४ ते ५२ किलोंच्या घरात जातात, त्यांना पेट्रोल कमी लागते आणि धूरही कमी होतो. मात्र १४ फुटी बोटीच्या मागच्या फळीवर दहा-पंधरा किलो जास्त आले की बोट मागून बसते आणि एकट्याने मशीन उचलून गाडीत टाकणेही जमेनासे होते. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा मोठा वाटा, सुमारे पाव भाग, न जळताच बाहेर पडतो. त्यामुळे खडकवासल्यासारख्या, शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या जलाशयासाठी कोणी असे मशीन शोधत असेल, तर परवानगीचा प्रश्न उपस्थित होण्याआधीच त्याने हा विचार सोडावा असे माझे मत आहे. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र या इंजिनाइतके सोयीचे दुसरे नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक मिस्त्रींना ते पाठ असते आणि सुटे भाग सहज मिळतात.

बाहेरून पाहता मशीन देखणे होते, आणि खरे तर तीच पहिली शंका होती. वरचे टोपण काढल्यावर सिलिंडरच्या भागावर ताजा करडा रंग मारलेला दिसला. बोल्टच्या डोक्यांवर, क्लॅम्पवर, इतकेच नव्हे तर वायरच्या रबरी आवरणावरही त्या फवाऱ्याचे शिंतोडे होते. कारखान्यातला रंग वायरवर उडालेला नसतो. मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या पायावर जस्ताचा अ‍ॅनोड बसवलेला असतो; गंज मुख्य ॲल्युमिनियमला न लागता आधी त्याने खाऊन घ्यावा, हेच त्याचे काम. येथे तो अ‍ॅनोडही रंगवून टाकला होता, म्हणजे त्याचा पाण्याशी संबंधच तोडला होता. नखाने रंग खरवडला तेव्हा खाली खड्डे पडलेला, निम्म्याहून अधिक झिजलेला तुकडा निघाला. गोड्या पाण्यात जस्ताची इतकी झीज सहसा होत नाही. या टप्प्यावर विक्रेत्याला काहीही न बोलता पुढची तपासणी चालू ठेवली, कारण खाऱ्या पाण्यात चाललेले मशीन वाईटच असते असे नाही; कोकणातली सगळीच मशीन्स खाऱ्या पाण्यात चालतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. फरक पडतो तो वापरानंतर गोडे पाणी आत सोडून मशीन धुतले जाते की नाही, यामुळे.

आम्ही पोहोचलो तेव्हा सिलिंडरला हात लावला तर तो कोमट होता, म्हणजे मशीन आमच्या येण्याआधीच सुरू करून पाहिलेले होते. गरम मशीन कोणीही सुरू करून दाखवील. थंड मशीन किती ओढीत सुरू होते, चोक किती वेळ लागतो, हे पाहायचे असल्याने चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलली आणि मशीनला कोणीही हात लावणार नाही असे कबूल करून घेतले. सकाळी ते तिसऱ्या ओढीत सुरू झाले, थोडा निळसर धूर आला आणि मिनिटभरात निवळला. टू-स्ट्रोकमध्ये एवढे स्वाभाविकच आहे. पाण्याने भरलेल्या पिंपात पाय बुडवून चालवताना मागून पिचकारीही उडत होती, पण ती थंड करणाऱ्या पाण्याच्या मार्गातली एक छोटी फांदी असते. पिचकारी जोरदार असली तरी सिलिंडरभोवतीच्या वाटा निम्म्या बुजलेल्या असू शकतात. म्हणून किराणा दुकानात मिळणार नाही पण ऑनलाइन सहज मिळणारे, लांबून तापमान मोजणारे थर्मामीटर नेले होते. खालच्या सिलिंडरच्या माथ्यावर ५२ अंश आणि वरच्या सिलिंडरच्या माथ्यावर ७१ अंश दिसले. दोन शेजारी सिलिंडरांमध्ये एवढा फरक म्हणजे वरच्या बाजूला पाणी नीट पोहोचत नव्हते.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची, तपासणी सगळे करतात, पण पुण्यात ती करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गेजवरचा आकडा हवेच्या दाबावर अवलंबून असतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर हा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. त्यामुळे हर्णैच्या मिस्त्रींनी फोनवर सांगितलेला आकडा पिरंगुटच्या शेडमध्ये दिसला नाही म्हणून मशीन टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायर इंजिनाला टेकवून (तसे न केल्यास सीडीआयला इजा होऊ शकते), थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढून मोजल्यावर खालच्या सिलिंडरचे ११२ आणि वरच्याचे १०६ पीएसआय आले. किनाऱ्यावर हेच आकडे ११९ आणि ११३च्या जवळपास दिसले असते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दोघांमधला फरक. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पिस्टन, रिंगा किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. येथे तो साडेपाच टक्के होता, आणि कमी आकडा नेमका त्याच वरच्या, जास्त तापणाऱ्या सिलिंडरचा होता.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. खालच्या पिस्टनचा माथा एकसारखा तपकिरी, काजळी धरलेला होता. वरच्या पिस्टनवरही काजळी होती, फक्त एका कडेला बोटाच्या पेराएवढा भाग धुऊन काढल्यासारखा लख्ख दिसत होता. पिस्टनचा माथा स्वच्छ दिसला की नवख्या माणसाला बरे वाटते, पण ज्या ठिकाणी पाणी झिरपून वाफ होते तेथेच काजळी धुतली जाते. म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) त्या कडेला सुटू लागले होते. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे नव्हते, आणि हा दिलासा मोठा होता, कारण गॅस्केट बदलणे हे एका दुपारचे काम आहे, सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घालणे मात्र तसे नाही.

विक्रेत्याच्या संमतीने, गॅस्केटचा खर्च आमच्याकडे, या अटीवर हेड खोलून पाहिले. थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह तापमानाप्रमाणे सोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे झाकण सहजी निघेना. त्याचा एक बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून घट्ट धरला गेला होता आणि गरम करून, तेल सोडून, पुन्हा गरम करून तो मोकळा करावा लागला. झाकणाखाली पांढरे, कुरकुरीत थर होते, आणि जिभेला लावून पाहण्याची गरज नव्हती, तरी सोबतच्या मिस्त्रींनी लावून पाहिले. ते मीठ होते. थर्मोस्टॅट अर्धा उघडून अडकलेला होता. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकला तरी तो हलला नाही, वास्तविक असे थर्मोस्टॅट पन्नास अंशांच्या आसपास उघडू लागतात. वरच्या सिलिंडरकडे जाणारी पाण्याची वाट पेन्सिलच्या टोकाएवढीच उरली होती. ‘खारं पाणी बघितलेलंच नाही’ या दाव्याची वासलात तेथेच लागली, आणि किमतीची बोलणी नव्याने सुरू करण्याचा आधारही मिळाला.

ग्राहक ज्याकडे सर्वांत कमी पाहतात आणि ज्याची दुरुस्ती सर्वांत महाग पडते, तो भाग म्हणजे खालचा पाय. त्यातले गिअर ऑइल मशीन रात्रभर उभे ठेवल्यानंतर आणि ते सुरू करण्याआधी काढावे, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि खालचा स्क्रू सैल करताच पहिले तेच येते. मशीन चालवल्यावर तेच पाणी तेलात घुसळले जाऊन सगळे दुधट होते आणि पाणी किती शिरले याचा अंदाज लागत नाही. येथे पहिल्या थेंबांत पाणी नव्हते, पण तेल किंचित राखाडी होते आणि स्क्रूच्या चुंबकावर मऊ, बारीक लगदा होता. तो झिजेचा नेहमीचा लगदा आहे. नखाला टोचणारे कण सापडले असते तर मी तेथूनच परत फिरलो असतो. पंखा (प्रोपेलर) काढल्यावर मात्र शाफ्टवर मागच्या वॉशरच्या आड नायलॉनच्या जाळीचा धागा घट्ट गुंडाळलेला सापडला. असा धागा हळूहळू ऑइल सील कापतो आणि मग पाण्याला आत जायला वाट मिळते. उजनीत पदोपदी जाळी असतात, त्यामुळे तेथे चालणाऱ्या प्रत्येक मशीनचा पंखा अधूनमधून काढून पाहणे आवश्यक आहे. सीलचे ओठ अजून शाबूत होते, तरीही सील बदलले. पायाच्या तळाचा पातळ पंख एका कोपऱ्यात तुटलेला होता. तो भोसरीत ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करून भरून घेतला.

गिअरची तपासणी पिंपात पूर्ण होत नाही. हाताने पंखा फिरवत पुढचा आणि मागचा गिअर टाकून पाहिल्यावर दोन्ही वेळा स्वच्छ ‘खट’ आवाज आला, तथापि झिजलेले दात खरे उघडे पडतात ते भार आल्यावर. पाण्यात चाचणी देणार नसाल तर व्यवहार नाही, एवढी एक अट मी कोणत्याही जुन्या मशीनसाठी सोडणार नाही.

इंधनाचा प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि या पिढीतली आउटबोर्ड जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, महिनाभर टाकीत पडलेल्या मिश्रणातून पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, आणि जुन्या रबरी नळ्या आतून सुटू लागतात. या मशीनची नळी हाताने पिळताच काळी पूड बोटाला लागली आणि कार्बोरेटरच्या वाटीत तीच पूड साचलेली होती. नळ्या, हाताने दाबायचा रबरी गोळा आणि इंधन पंपाचा डायफ्राम सरसकट बदलले. हा खर्च कोणत्याही जुन्या मशीनच्या किमतीत धरूनच चालावे. शिल्लक पेट्रोल टाकीत न ठेवणे आणि शेवटी नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवणे हे दोन नियम आता ऐच्छिक राहिलेले नाहीत. ऑइलबाबतही एक सूचना करावीशी वाटते. नाना पेठेत कोणीही ‘स्कूटरचं टू-टी घाला, काय फरक पडतो’ असे सांगेल, पण आउटबोर्ड पाण्याने थंड होते आणि त्यासाठी राख न सोडणारे टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल लागते. आम्ही ५०:१ म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिली या प्रमाणात ते वापरले.

आता बोटीकडे वळू, कारण मशीनची निवड एकट्या मशीनवर होत नाही. बोटीची मागची फळी आतून प्लायवुडची आणि बाहेरून फायबरची आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यावर जुन्या मशीनच्या बोल्टभोवती आवाज बद्द आला, म्हणजे तेथे प्लायवुड पाणी प्यायलेले होते. ८ अश्वशक्तीखाली ते निभावले असते. जवळपास दुप्पट जोर आणि नऊ-दहा किलो जास्त वजन आल्यावर निभावले नसते. फळीचा तेवढा भाग कापून नवे मरीन प्लायवुड बसवण्याचा खर्च मशीनच्या दुरुस्तीपेक्षा थोडा अधिकच झाला. शिवाय शाफ्टची लांबी. फळीची उंची १५ इंच असल्याने आखूड शाफ्ट लागतो. तो लावल्यावर पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाला समांतर आणि फार तर इंचभर खाली यायला हवी. येथे ती जुळली. स्वस्तात मिळते म्हणून लांब शाफ्टचे मशीन उचलणाऱ्याला पुढे उथळ पाण्यात प्रत्येक दगड मोजावा लागतो, आणि उन्हाळ्यात पळसदेवचे बुडालेले मंदिर वर येते तेव्हा उजनीत दगडांना तोटा नसतो.

पाण्यावरच्या चाचणीत सर्वांत उपयोगी ठरले ते प्लगच्या वायरला गुंडाळायचे छोटे आरपीएम मीटर आणि मोबाइलवरचा जीपीएस. मशीनसोबत आलेला पंखा दहा इंच पिचचा होता, म्हणजे पाणी न निसटता तो एका फेऱ्यात दहा इंच पुढे जायला हवा. या मॉडेलने पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे द्यायला हवेत. तीन माणसे बसवून ते जेमतेम ४६०० पर्यंत गेले आणि वेग ताशी २४ किलोमीटर मिळाला. गिअरचे प्रमाण २.०८ (इंजिनाच्या एवढ्या फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा) धरले तर पाणी अजिबात न निसटता हा वेग सुमारे ३४ असायला हवा होता, म्हणजे तीस टक्क्यांच्या जवळपास वेग पाणी निसटण्यात जात होता. पंख्याच्या दोन पात्यांच्या कडा दुमडलेल्या होत्या हे एक कारण, आणि दुसरे कारण उंचीचे: समुद्रकाठी १५ अश्वशक्ती देणारे इंजिन उजनीच्या पातळीवर सुमारे १४ देते, त्यामुळे किनाऱ्यासाठी निवडलेला पंखा येथे जड पडतो. नऊ इंच पिचचा पंखा लावल्यावर फेरे ४९०० झाले आणि वेग कमी होण्याऐवजी साडेपंचवीसवर गेला, कारण बोट आता पाण्यावर नीट उचलली जात होती. पुढच्या गिअरमध्ये पूर्ण भारावरही दात सुटले नाहीत. मागच्या गिअरमध्ये मात्र पाय धरून ठेवणारा रिव्हर्स लॉक सुटून मशीन उचकटून वर आले. बोट थांबवायची वेळ येते तेव्हाच रिव्हर्स लागतो, म्हणून हा दोष दिसतो त्यापेक्षा धोकादायक आहे. सुदैवाने तो केवळ ताण गेलेल्या स्प्रिंगचा निघाला. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल ताशी सात लिटरांच्या पुढे जाते, हेही हिशेबात धरावे.

व्यवहार शेवटी ६१ हजारांवर मिटला. मिठाचे थर दाखवल्यावर विक्रेत्याने वाद घातला नाही; “मला जसं सांगितलं तसं मी सांगितलं,” एवढेच ते म्हणाले, आणि ते खरेही असेल. कागदपत्रांत मूळ बिल मिळाले आणि क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा क्रमांक त्याच्याशी जुळला. पट्टी खरवडलेली किंवा नव्याने रिव्हेट केलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, मशीन घेऊ नये. मासेमारीसाठी अनुदानावर घेतलेल्या मशीनच्या विक्रीवर अटी असू शकतात, म्हणून पहिला मालक कोण हेही विचारावे. अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकेला नोंदणी लागते, त्यामुळे इंजिन बदलल्यावर नोंदणीतला तपशीलही बदलून घ्यावा लागेल.

दुरुस्तीनंतर दोन्ही सिलिंडरांचे तापमान तीन-चार अंशांच्या फरकात आले आहे आणि मशीन मध्यम व पूर्ण थ्रॉटलवर निर्धास्त चालते. ६१ हजारांत मला ते योग्य वाटते. ८५ हजारांत मी ते घेतले नसते, कारण त्यात थोडी भर घातली की चांगल्या स्थितीतले फोर-स्ट्रोक जुने मशीन शोधता येते. मासे पकडण्यासाठी तासन्‌तास अगदी मंद गतीने गळ ओढत जायचे असेल, अशा माणसाने मात्र हे घेऊ नये. कमी फेऱ्यांवर ते अजूनही अडखळते, कार्बोरेटर दोनदा साफ करूनही ती खोड पूर्ण गेलेली नाही, आणि त्यातला जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलून पाहण्याचे काम सध्या बाकी आहे.